मामावर झडती

"हिले माइक देऊन राह्यले, पण हिच्या तोंडातून आवाज निघते का?"

मंडपामागे स्पीकरच्या वायरी जोडणारा माणूस आमच्या सेक्रेटरीकाकांना विचारत होता. मी दोघांपासून हातभर अंतरावर उभी होते.

"निघते, निघते," काका म्हणाले. "इंग्लिश मीडियमची हाय ते. उशिरा निघते."

मला हसू फुटलं. हसू फुटलं की मला ते आवरत नाही, म्हणून मी चेहऱ्यासमोर भाषणाचा कागद धरला. कागद काकांनीच टाइप करून दिला होता. पहिल्याच ओळीत 'शत्रूच्या छातीत धडकी भरवणारा आपल्या बेशाचा वाघ' होता. बेसा म्हणजे नागपूरच्या कडेची आमची वस्ती, आणि वाघ म्हणजे माझा मामा, जो घरात पाल निघाली की आधी मला पुढे करायचा. मला आणखी हसू आलं.

तान्ह्या पोळ्याचा दिवस होता. कॉलनीतली सगळी पोरं आपापले लाकडी बैल चाकांवर ओढत मंडपात आणत होती. कुणाच्या बैलाच्या शिंगांना चमकी, कुणाच्या पाठीवर आरसे लावलेली झूल. एकाने तर बैलाला गॉगल घातला होता. सगळ्यात छान सजवलेल्या बैलाला बक्षीस मिळतं, आणि तीन वर्षांपासून ते मामाच्या नावाने देतात. मामा फौजेत होता. शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत गेला आणि तिथून परतला नाही. पुरात अडकलेल्या एका वस्तीतून माणसं काढताना त्यांची बोट उलटली. शत्रू वगैरे कुणी नव्हतं, पाणी होतं. पण भाषणात पाणी चालत नाही.

मामा गेला तेव्हा त्याची मुलगी दोन वर्षांची होती. तिला तो आठवत नाही. तिला माहीत आहे तो हार घातलेला फोटो, वर्दीतला, ताठ. गेल्या वर्षी सेक्रेटरीकाकांनीच भाषण केलं. घरी आल्यावर जेवता जेवता तिने विचारलं, "बाबा कधी बसायचे का?"

"म्हणजे?" मामी म्हणाली.

"काका म्हणाले ते उभे होते. पाय रोवून उभे होते. शेवटपर्यंत उभे होते."

मामी हसली, आणि वरण गरम करायचं निमित्त करून आत गेली. वरण गरमच होतं. यंदा पोळ्याच्या आठ दिवस आधी तिने मला गाठलं. "यंदा तू बोल वं. पोरीले तिचा बाप सांग. माह्यानं होत नाही, मी सुरू केलं की रडतेच."

मी हो म्हणाले. मी, जी रिक्षावाल्याला 'इथेच थांबवा' म्हणायला लाजून दोन घरं पुढे उतरते आणि चालत मागे येते.

आठ दिवस मी लिहीत होते. 'मामा विनोदी स्वभावाचे होते' असं लिहिलं आणि खोडलं. विनोदी स्वभावाचे! जसा काही शाळेच्या प्रगतिपुस्तकातला शेरा. मामा कसा होता ते मला पक्कं माहीत होतं, पण ते लिहायला बसलं की प्रत्येक वाक्य उठून सॅल्यूट ठोकायचं.

मामा सुट्टी मागायचा ती दिवाळीची नाही, पोळ्याची. रामटेकजवळच्या आमच्या गावी मोठ्या पोळ्याला बैल ओळीने उभे राहिले की झडत्या सुरू होतात. झडती म्हणजे चार ओळींचा उभ्या उभ्या जुळवलेला टोमणा. एकाने ठणकावून म्हणायची आणि शेवटी सगळ्या गावाने 'हर हर महादेव' ओरडायचं. ज्याच्यावर झडती पडली त्याने रागवायचं नाही. रागावला तर लगेच दुसरी पडते. मामा मुलखाचा झडतीबाज. सरपंचावर टाकायचा, नवा ट्रॅक्टर घेतलेल्या चुलतभावावर टाकायचा, स्वतःच्या सासऱ्यावर तर लग्नानंतरच्या पहिल्याच पोळ्याला टाकली. माझ्यावर टाकली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. ही पोरगी बैलाला 'प्लीज' म्हणते, म्हणून बैल जागचा हलत नाही, अशी काहीतरी होती. मी रडकुंडीला आले होते, तेवढ्यात सगळं गाव 'हर हर महादेव' ओरडलं आणि मला एकदम आपण फार मोठे आहोत असं वाटायला लागलं.

शेवटच्या पोळ्याला त्याने आफ्रिकेतून व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी नुसती शिंगं दिसली. एवढी लांब की फोनमध्ये मावेनात. "पाह्य वं, पाह्य!" मामा ओरडत होता. "याले गोठ्यात घ्यायचं म्हटलं तर भिंत पाडा लागते!" मालकाला विचारून त्याने त्या बैलाच्या शिंगांना रंगीत फिती बांधल्या होत्या. मग त्याने आपल्या साहेबावर वऱ्हाडीत झडती टाकली. साहेब पंजाबचे. त्यांना वाटलं देवाचं काही चाललंय, त्यांनी टोपी काढून हात जोडले. बाजूचे दोघे मराठी जवान हसून हसून खाली बसले. बैलाचा मालक, ताडासारखा उंच माणूस, हे सगळं पाहून इतका खूश झाला की त्याने दोन्ही हात शिंगांसारखे वर केले आणि स्वतःच्या बैलासाठी गाणं म्हणायला लागला. ते गाणं काही संपेना. "अरे, हा तर आपलाच माणूस हाय!" मामा सांगत होता. "बैलाले गाणं म्हणून राह्यला!" इकडे मामी हसत होती, मी हसत होते, आणि त्याची दोन वर्षांची मुलगी फोनमधली शिंगं पकडायला बघत होती.

यातलं काहीच कागदावर नव्हतं.

माझं नाव पुकारलं गेलं. मी स्टेजवर गेले, माइकसमोर उभी राहिले आणि नेहमीप्रमाणे काही निघालं नाही. समोर पन्नाससाठ लाकडी बैल आणि त्यांचे मालक. पहिल्या रांगेत मामी. तिच्यापुढे मामाची मुलगी, एका हातात बैलाची दोरी, दुसरा हात मांडीला चिकटवलेला, टाचा जुळवलेल्या, हनुवटी वर. हुबेहूब फोटो. बाबांचं भाषण म्हणजे असं उभं राहायचं, हे तिचं तिनेच ठरवलं होतं.

मी कागदाकडे पाहिलं. वाघ. मी पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

झडतीतून कुणाची सुटका नसते. सरपंचाची नाही, सासऱ्याची नाही, साहेबाची नाही. मेलेल्या माणसाला माफ असते असं कुणी म्हटल्याचं मला आठवेना. मी कागदाची घडी केली, तोंड उघडलं, आणि आवाज निघाला तो सगळ्या बेशाला ऐकू जाईल एवढा मोठा:

"देशासाठी गडी मोठा शूर,
बायको दिसली का पळे दूर!
बैलाच्या झुलीपायी शालू कापला नवा,
बायको निघाली शोधाले, फौजी गच्चीवर खाते हवा!"

सेक्रेटरीकाकांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. शहिदाच्या कार्यक्रमात झडती! माझे कान तापले. आता उडी मारून पळावं, असं ठरवत होते, तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून एका म्हाताऱ्या आजोबांनी काठी वर केली आणि ओरडले, "हर हर महादेव!" मग सगळे ओरडले. पोरं तर थांबेचनात.

मामीने पदर तोंडाला लावला होता. तिचे खांदे हलत होते. मी घाबरले. तिने पदर काढला, तर ती हसत होती, डोळे पुसत, नाक पुसत हसत होती. बसल्या जागेवरून ओरडली, "नुसता शालू कापला काय सांगतं वं? पदर कापला होता त्यानं! माह्या लग्नाच्या शालूचा अख्खा पदर!"

मुलीच्या हातातून दोरी सुटली. ती आईकडे वळली, मग माझ्याकडे. टाचा जुळवायचं ती विसरली होती.

"खरंच बाबा गच्चीवर पळाले?" ती खालूनच ओरडली. "मग आईनं काय केलं?"

मी माइक तोंडाजवळ घेतला.

"तुझ्या आईनं शिडी काढून घेतली."