सगळे डावखुरे

माझी मुलगी डावखुरी. म्हणजे होती. दिवसभर चित्रं काढायची, मांजरं, बसगाड्या, काय वाट्टेल ते, आणि सगळं डाव्या हाताने. इथे परदेशात, बिशानच्या तिच्या शाळेत त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. मीच हात धुऊन तिच्या मागे लागले होते. डाव्या हाताने घास घेतला की मनगटावर चापटी. एकदा सत्यनारायणाच्या प्रसादाला तिने डावा हात पुढे केला, तर चारचौघांत मी तो मागे ओढला. अक्कल शेण खायला गेली होती माझी, दुसरं काय!

ती सात वर्षांची असताना एका शनिवारी तिला जुन्या डच चित्रांच्या प्रदर्शनाला घेऊन गेले. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली, तीन-चारशे वर्षांपूर्वीची छोटी छोटी चित्रं. त्यांत राजे नाहीत, देव नाहीत. तव्यावर धिरड्यांसारखं काहीतरी घालणारी बाई, मासळी साफ करणारी दुसरी, कुणाचा तरी दात उपटणारा वैदू. मला फार आवडली. लेक एकेका चित्राला नाक लावून पुढे सरकत होती. मग माझी ओढणी ओढून म्हणाली, "आई, हे सगळे लेफ्टी आहेत."

खरंच होते. उलथनं डाव्या हातात, सुरी डाव्या हातात. इतकी खूश मी तिला क्वचितच पाहिली होती. तेवढ्यावर गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? पण भिंतीवरची पाटी वाचून मला शहाणपण सुचलं. तिला समजावून सांगितलं, की ही माणसं उजवीच गं. पत्र्यावर चित्र सरळ कोरतात आणि कागद दाबला की ते आरशातल्यासारखं उलटं उमटतं, म्हणून डावी दिसतात.

ती बराच वेळ त्या धिरडी घालणाऱ्या बाईकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "मग मी पण उलटी छापलेय का?"

मी हसले. एवढंच नाही, गणपतीत जमलेल्या मराठी मंडळींना हा किस्सा रंगवून रंगवून सांगितला, ती शेजारी मोदक खात उभी असताना. सगळे हसले. ते आठवलं की आजही मला स्वतःची लाज वाटते.

त्यानंतर मला काही बोलावंच लागलं नाही. ती जेवायला बसायची ती डावा तळहात मांडीखाली दाबून. मी पुण्याला आईला फोनवर कौतुकाने कळवलं, सुधारली हो पोरगी.

आता ती एकोणीस वर्षांची आहे. उजव्या हाताने लिहिते, वाकडंतिकडं. चित्रं काढायची कधी थांबली, ते मला आठवतसुद्धा नाही. परवा रविवारी न राहवून तिची माफी मागितली. चुकलं माझं म्हटलं, तुझा चांगला हात मी वाया घालवला. "इट्स ओके लाह, आई," ती इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली. पण मला कुठला दम! कागद पुढे सरकवला आणि डाव्या हाताने काहीतरी काढच म्हणून तिला गळ घातली.

माझ्या समाधानासाठी तिने मांजर काढायला घेतलं. रेघ थरथरली, कान जमले नाहीत. तिने पेन्सिल उजव्या हातात घेतली, थोडा वेळ कागदावर टेकवून ठेवली, आणि खाली ठेवली.

"आता कुठल्याच हाताने येत नाही गं," ती म्हणाली.