जुन्याला मार

वत्सला मुळातच तापट. घरी नवऱ्यावर ओरडून झालं की ऑफिसात येऊन कॉम्प्युटरवर ओरडायची. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत वाढलेली ही बाई ओरत्तनाडूच्या एका भातगिरणीचं सॉफ्टवेअर सांभाळायची. फाटकाशी आलेल्या लॉऱ्यांना रांगेच्या नंबराचं टोकन देण्याचं काम ते करी. पण ते ना गिरणीत होतं, ना ऑफिसात. दूर कुठल्याशा शहरातल्या भाड्याच्या सर्व्हरवर चालायचं. काही बदलायचं झालं, तर जुन्या सर्व्हरशेजारी नवा उभा करायचा, काम नव्याकडे वळवायचं आणि जुना बंद करायचा. बंद करण्याला इंग्रजीत ‘किल’ म्हणतात. वत्सला आणि शेजारच्या टेबलावरचा गिरीश घरच्या मराठीत बोलत, म्हणून ते ‘मार’ म्हणत. बाकीच्यांना मराठी कळत नसे; नुसत्या आवाजावरून त्यांना वाटे, ही दोघं सदानकदा भांडतायत.

त्या दुपारी तिनं नवा सर्व्हर चालू केला आणि तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. कडाक्याचं भांडण जुंपलं, जुना बंद करायचा राहून गेला. मग दोन्ही सर्व्हर टोकनं वाटत सुटले. एकच नंबर दोन-दोन लॉऱ्यांना!

फाटकावरच्या केबिनमध्ये टोकनं द्यायला तिचा धाकटा भाऊ एकोजी होता. हा ओळखीच्यांना मध्येच घुसवतोय, असं ड्रायव्हरांनी धरलं. केबिनमधून फरफटत बाहेर काढून त्याला लाथांनी तुडवायला लागले. कसाबसा त्यानं बहिणीला फोन लावला, स्पीकर चालू झाला आणि फोन हातातून उडाला.

“अक्का, नंबर दोघांस एकच येतोय! मज मारून टाकतील गं!”

मागून शिव्या, धपाधप लाथा आणि मग एकोजीची किंकाळी.  हातातला फोन तसाच धरून वत्सला गिरीशवर किंचाळली, “बघत काय बसलास? जुन्याला मार! आधी जुन्याला मार!”

गिरीशनं मारला. टोकनं सुरळीत झाली.

पण तिचा आवाज गिरणीच्या फाटकावरही घुमला होता. तिथं प्रणवेश होता, एकोजीचा मित्र, तोही लॉरी ड्रायव्हर. त्याची आई वत्सलाच्याच गल्लीतली. त्याला मराठी समजे, बोलता मात्र धड येत नसे. हातात चाक खोलायची लोखंडी टॉमी घेऊन तो गर्दीत शिरला होता, पण हाणावं कुणाला ते कळेना. तेवढ्यात फोनमधून हुकूम कानावर पडला. जुना म्हणजे म्हातारा, असंच त्याला वाटलं. समोर सेतुराम, पिकल्या केसांचा म्हातारा ड्रायव्हर, एकोजीवर ओणवा झाला होता. प्रणवेशनं टॉमी त्याच्या डोक्यात घातली. मग पुन्हा घातली. कवटी फुटल्याचा आवाज झाला तशी गर्दी पांगली.

वत्सला इस्पितळात पोचली तेव्हा एकोजीच्या ओठाला टाके पडत होते. रडत रडत त्यानं सांगितलं, “म्हातारा माझ्यावर आडवा पडला होता अक्का. मला बसणाऱ्या लाथा तो खात होता.” सेतुराम वाटेतच गेला होता.

बाहेर बाकावर पोलिसांच्या मध्ये प्रणवेश बसला होता. सदरा रक्तानं थबथबलेला. तिला बघून त्याचा चेहरा उजळला.

“अक्का, तुमी सांगितलांत. मी लगेच मारलों. एकोजी वाचला, नाही?”

इन्स्पेक्टरनं वत्सलाला तमिळमध्ये विचारलं, “काय म्हणतोय हा?”

तिथं मराठी समजणारं दुसरं कुणीच नव्हतं.  भिंतीला टेकून वत्सलानं त्याचा शब्दन्‌शब्द तमिळमध्ये सांगितला.