कुठे अडलंय ते सांग!

किस्से कोणी जमवत नाही. फोनमधल्या फोटोंसारखे ते आपोआप साठत जातात आणि एक दिवस स्टोरेज फुल्ल होतं. तसं माझं झालंय. ऐका.

एमएस्सी झाल्यावर मी आणि माझी मैत्रीण नाझनीन, आम्ही अकरावी-बारावीच्या मुलांसाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. गणित माझं, केमिस्ट्री तिची. नियम एकच : उत्तर मिळणार नाही. जिथवर जमलंय तिथवर सोडवा, फोटो टाका, पुढची फक्त एक ओळ आम्ही सांगू.

आमच्या पंचवटीतल्या गल्लीत कोणी विचारतं, "सध्या काय करतेस गं?" मी म्हणते, "ऑनलाइन शिकवते." त्यावर ठरलेलं वाक्य येतं, "म्हणजे घरीच असतेस!"

हो काकू, घरीच. निफाडपासून सुरगाण्यापर्यंतची पोरं माझ्या घरी असतात!

*

सुरुवातीलाच एका बहाद्दराने अख्खी असाइनमेंट टाकली. खाली मेसेज, "मॅडम, सोडवून पाठवा. अर्जंट."

मी विचारलं, "कुठे अडलंय?"

"पहिल्या पानापासून."

मी दातओठ खात टाइप करत होते, तेवढ्यात नाझनीनने लिहिलं, "मग दुसऱ्या पानापासून सुरू कर!"

आणि केलं की पठ्ठ्याने! शेवटी पहिलं पान तेवढं उरलं.

*

ऋतुजा सायखेड्याची. आमच्या ग्रुपमधली सगळ्यात तल्लख पोरगी. तिला इंजिनिअरिंगला नाशिकला यायचंय. पण घरात स्मार्टफोन एकच, तोही आजोबांचा, म्हणजे आप्पांचा. आप्पा कधी "आण इकडं" म्हणतील याचा नेम नाही, म्हणून तिचे सगळे प्रश्न घाईघाईत काढलेल्या फोटोंतून यायचे.

एकदा तिचं गणित मलाही सुटेना. माझं उत्तर पुस्तकाशी जुळेचना. दोनदा करून पाहिलं आणि ग्रुपवर ठोकून दिलं, "पुस्तक चुकलंय!"

थोड्या वेळाने तिचा मेसेज, "सॉरी मॅडम. तो दशांश चिन्हाचा ठिपका नाही. मम्मी फोडणी देत होती, मोहरी उडालीय."

*

नाझनीनला एकाने विचारलं, "मॅडम, टायट्रेशनमध्ये फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं. पण फिकट म्हणजे किती?"

ती म्हणाली, "रंग आलाय की भास होतोय, असं वाटलं की थांब."

प्रॅक्टिकलला परीक्षकांनी त्यालाच गाठलं. "इथेच का थांबलास?"

"सर, भास झाला!"

रीडिंग मात्र अचूक होतं.

*

आमच्या शेजारी एक निवृत्त गणित-सर राहतात. त्यांच्या मते हातात छडी असल्याशिवाय गणित येत नाही. एके दिवशी ते माझी परीक्षा घ्यायला आले. म्हणाले, "घाल तुझ्या मुलांना हे गणित." मी घातलं. ऋतुजाने डेरिव्हेटिव्ह न घेता, पूर्ण वर्ग करून दोन ओळींत सोडवलं.

सर म्हणाले, "पद्धत चुकीची आहे."

मी ऋतुजाला फोन लावून सरांचं म्हणणं सांगितलं आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून ऋतुजाने विचारलं, "आणि उत्तर, सर?"

"उत्तर बरोबर आहे."

"मग पद्धत वेगळी आहे, सर. चुकीची नाही."

त्या दिवशी मी गल्लीतून मान वर करून चालले!

*

आणि ऐन सीईटीच्या तोंडावर आप्पांनी फोन काढून घेतला. "पोरगी दिवसभर त्यातच असती. अभ्यास काय फोनात असतो का?"

माझं डोकंच फिरलं. थेट फोन लावला. "आप्पा, ती अभ्यासच करते. द्या तो फोन तिला!"

"नाय देणार. काय इचारायचं ते मी इचारतो."

आणि खरंच विचारायला लागले! ऋतुजा घरी कागदावर सोडवणार, आप्पा फोटो काढणार, मळ्यात कामाला गेल्यावर व्हॉइस नोट टाकणार. "मॅडम, ह्यो षट्कोन काढलाय. याच्या कोपऱ्याला काय लावायचं म्हनती ती."

षट्कोन म्हणजे केमिस्ट्रीतलं बेन्झीन, म्हणून नाझनीनने नियमाप्रमाणे एक ओळ सांगितली.

"अवो, एवढंच? पुढचं सांगा की! पुन्हा घरी जाऊ, पुन्हा येऊ?"

"नियम आहे, आप्पा."

"लय खडूस हायेत तुमी दोघी."

तासाभराने पुन्हा आप्पा. "पोरगी म्हनती, पुढचं तिला आलं."

मला वाटलं, संपलं. तर दुसऱ्या दिवशी, "मॅडम, काल त्या षट्कोनाला शेजारच्या कोपऱ्यात लावलं. आज तिनं एक कोपरा सोडून लावलं. असं का?"

नाझनीन म्हणाली, "अगं, हा प्रश्न ऋतुजाचा नाहीये!"

तिने आप्पांनाही एकच ओळ सांगितली. संध्याकाळी ग्रुपवर आप्पांची व्हॉइस नोट पडली :

"मॅडम, हा फोन आजपासून ऋतुजाकडं ऱ्हाईल. मी दुसरा घेतलाय. त्यो नंबर बी ग्रुपात घ्या."