कापड ज्याचं, त्याला विचार

गल्ली तिला टेलरबाई म्हणायची. चाळीस वर्षं मशीन चालवून गुडघे कामातून गेले, पण कात्री कधी घाईने चालली नाही. खडूने आखून झालं की ती गिऱ्हाईकाला तीनदा विचारायची, "कापू ना?" लोक वैतागायचे. तिचं आपलं एकच पालुपद, "शिवण उसवता येते, कापलेलं सांधता येत नाही."

लेक चौदा वर्षांची असताना एकदा कुण्या सासूच्या सांगण्यावरून तिच्या सुनेचा कोट आखूड करून मोकळी झाली. कोट बघून सून दुकानातच रडली. तेव्हा टेलरबाईने लेकीला एवढंच सुनावलं, "कापड ज्याचं, त्याला विचारायचं."

आता टेलरबाईची अन्ननलिका आजाराने बंद होत आली होती. डॉक्टर म्हणाले, अन्न द्यायला पोटातून नळी घालू, काही महिने निघतील. तिने सरळ नाही म्हटलं. लेकीने बाहेर जाऊन डॉक्टरांना परस्पर होकार दिला. नर्स सहीचा कागद घेऊन आली आणि बिंग फुटलं.

"अगं, जीव देवाने दिलाय," लेक म्हणाली. "तो नाकारायचा आपल्याला काय अधिकार?"

"मग न्यायचं तोच बघेल की. तुझी नळी त्याच्या वाटेत कशाला?" टेलरबाईला एकेक शब्द ओढून आणावा लागत होता. "आणि तो कोट विसरलीस?"

लेकीने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. सहा महिने हॉस्पिटलच्या खेपा घालून रागवायचंही त्राण उरलं नव्हतं. देवाला काय तोंड दाखवणार, ही एक भीती. आई गेल्यावर भांडायचं कोणाशी, ही दुसरी. मोठी कोणती, तिलाच कळेना. तिने स्टूल ओढलं.

"नळी नको ना, आई?"

"नको."

"नीट विचार केलास?"

"गिळता येईना तेव्हापासून दुसरं केलंय काय? नको."

लेक चादरीची सुरकुती सारखी करू लागली.

"विचार की," आई म्हणाली. "दोनदा विचारून कात्री लावत नाहीत."

"नको ना?"

"नको."

लेकीने कागद नर्सला परत दिला. "मी तिला न विचारताच बोलले होते. दुखणं तेवढं कमी करा."

संध्याकाळी ती प्रार्थनेला बसली, पण मागायचं काय, सुचेना. उठून तिने पिशवीतून सुईदोरा काढला. आईचा गाऊन खांद्यावरून घसरत होता.

"दोन बोटं आत घेऊ?"

"तीन घे," टेलरबाई डोळे मिटून म्हणाली. "अजून उतरणार आहे मी."