नलूबाईंच्या गाण्यातली लेक परत गेली नाही

चौकला सासरी परत गेले असते, तर आज ही पोस्ट लिहायला मी उरले नसते.

नलूबाई गेल्या. सकाळी ग्रुपवर मेसेज आला आणि चहा कपातच गार झाला.

कर्जतच्या शाळेत त्या आम्हाला इंग्लिश शिकवायच्या. ग्रीक लोकांच्या जुन्या गोष्टी वाचायच्या आणि त्यातल्या बायकांवर मराठीत कविता करायच्या. केसांत साप असलेली बाई. नवऱ्याची वाट बघत विणत बसलेली बाई.

आम्ही खिदळायचो. "बाई, ह्या तर आमच्या वाडीतल्याच वाटतात!"

"मग? आहेतच."

एकदा म्हणाल्या, "ज्याची भीती वाटते, त्याला प्रेम म्हणू नका गं पोरींनो."

तेव्हा सगळं डोक्यावरून गेलं.

मग माझं लग्न झालं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नवऱ्याचं चौकला हायवेवर गॅरेज.

चारचौघांत साखर. घरात गळा धरायचा. एकदा विहिरीच्या कठड्यावर मला वाकवून म्हणाला, "ढकलली तर कुणाला कळंल?"

गौरीला माहेरी आले तेव्हा आईला सगळं सांगितलं. आई रडली. पण म्हणाली काय, "त्यांचं अन्न खाल्लंस बाय. आता त्येच तुजं घर."

विसर्जनाच्या दुपारी तो न्यायला आला. पडवीत बसून सुपारी कातरत होता. अडकित्ता कट् कट् वाजत होता.

अंगणात बायका तेरड्याच्या गौरीभोवती फेर धरत होत्या. मीही त्यांच्यात.

नलूबाई दरवर्षी आमच्या गौरीला यायच्या. त्यांची नजर माझ्या गळ्यावर गेली. मी घाईने पदर ओढला.

त्या फेरात शिरल्या आणि गाणं उचललं.

"लेक नेली भुईखाली, दिवा तिथं ना उजेड
आई हिंडे रानोरान, लेकीचं लागलं वेड"

मी ओळखलं. शाळेतली ग्रीक गोष्ट! पाताळाचा राजा देवीची लेक पळवतो. ती तिथं डाळिंबाचे दाणे खाते. मग सगळे देव म्हणतात, त्याचं खाल्लंस ना, आता तू त्याचीच.

"दाणे खाल्ले भुकेपोटी, कसला त्याचा करार?
माय बोले पाताळाला, लेक नाही मी देणार!"

बायकांनी ती ओळ झेलली. पुन्हा म्हटली, पुन्हा म्हटली.

अडकित्ता थांबला. अगं आई गं, आता हा उठतो!

गाणं संपलं. आता माझी ओटी भरायची आणि मला निरोप द्यायचा. आमच्यात ओटी भरल्याशिवाय लेक माहेराहून निघत नाही.

आई तांदूळ-नारळ घेऊन समोर आली. मी पदर पसरला.

आईने नारळ परत गौरीपुढे ठेवला.

"ओटी भरायची नाय."

"म्हंजे?" तो पडवीतून ओरडला.

"म्हंजे ती येनार नाय. तुमी निघा."

बायकांनी फेर मोडला नाही. मी आत होते, तो बाहेर. शिव्या देत निघून गेला.

पुढे कितीतरी महिने रस्त्यावर गाडी थांबली की मी दाराआड लपायचे. नलूबाई शाळा सुटली की येऊन शेजारी बसायच्या.

एकदा विचारलं, "बाई, खऱ्या गोष्टीत आई लेकीला परत पाठवते ना?"

"पाठवते. दरवर्षी."

"मग गाण्यात का नाही?"

"तुझा गळा बघितला आणि घाबरले गं मी. गाणं बदलण्यापलीकडे मला काय येत होतं?"

बाई, आज पुन्हा तशीच भीती वाटतेय. आता शेजारी कोण बसणार?

जपून जा.

परत न गेलेल्या तुमच्या लेकीचा शेवटचा नमस्कार.