कोरडं बांधलेलं चाक

आमचे दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, चाळीस वर्षं सायकली दुरुस्त करतायत आणि चाळीस वर्षं करवादतायत. चाक डगमगतंय म्हणून कोणी आलं, की ते आधी निपल बघणार. निपल म्हणजे तार रिमला जिथे आवळतात तिथला बारीक नट. तो गंजून घट्ट बसलेला दिसला, की संपलंच. "कोणत्या शहाण्याने बांधलंय हे? तेलाचा थेंब लावायला हात झडले होते का?" गिऱ्हाईक बिचारं मान खाली घालून ऐकतं, जणू त्यानेच बांधलं.

पण तारा तोडून चाक मोकळं करायचं नाही, हे त्यांचं व्रत. तेल सोडायचं, वाट बघायची, पाना पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे. "मोडायला अक्कल लागत नाही," म्हणतात.

आणि घरात दिव्याखाली अंधार. ताईच्या सायकलचं मागचं चाक दोन वर्षं डगमगत होतं. "उद्या बघतो" हे ऐकून ऐकून तिने विचारणंच सोडलं. ती दवाखान्याच्या धुलाईघरात दिवसभर उभी असते. सायकलवर बसते तेवढंच काय ते तिचं बसणं. मागच्या आठवड्यात उतारावर तार तुटली, चाक अडकलं आणि ती पडली. कोपर सोलून निघालं. तेव्हापासून जाऊन-येऊन दीड तास पायी.

त्याच संध्याकाळी दाजींनी टायर-ट्यूब काढली, निपल बघितले आणि तोंड सोडलं. "कोणत्या शहाण्याने..." मध्येच गप्प झाले. रिमच्या व्हॉल्व्हच्या भोकातून बघितलं, तर हबवरची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावरची अक्षरं बरोबर समोर, सरळ. असं जुळवून चाक बांधणारा आमच्या भागात एकच माणूस, आणि त्याला त्याचा केवढा गर्व! लग्नाच्या वर्षी, ताईला सकाळी नव्या नोकरीवर जायचं म्हणून, त्यांनीच ते घाईघाईने बांधलं होतं. कोरडं.

मग आठ दिवस प्रायश्चित्त चाललं. दुकान आवरून आले की तेल, पाना, पाव फेरा. छत्तीसपैकी चार निपल सुटले. बाकीच्या तारांना नुसताच पीळ बसायचा. दाजींचे डोळे लाल, ताईचे पाय सुजलेले. मी त्यांच्याकडेच राहतो, पण मला दोघांकडे बघवेना.

काल ताई कामावरून आली, चपला काढल्या आणि उंबऱ्यातच बसली.

"तारा तोडा," म्हणाली.

"अगं, अजून दोन दिवस थांब. सुटतील."

"तुम्हाला चाक वाचवायचंय. मला उद्या कामावर जायचंय."

दाजींनी पाना खाली ठेवला. मग पक्कड उचलली आणि एकेक तार तोडत गेले. शेवटची तुटल्यावर म्हणाले, "चुकलंच माझं."

"हो," ताई म्हणाली.

त्यांनी नव्या तारांचा जुडगा सोडला. हात घालणार, तेवढ्यात ताईने तेलाची वाटी आपल्याकडे ओढली. एक तार उचलली, आट्यांचं टोक तेलात बुडवलं, निथळू दिलं आणि त्यांच्यापुढे धरली.

"घ्या. छत्तीसच्या छत्तीस मी बुडवून देते. तुम्ही नुसत्या बसवा."