मालकाचं नाव विचारायला खराडीपर्यंत

लोक लडाखला जातात, स्पितीला जातात आणि परत आल्यावर फोटोंसकट लिहितात. मी कोथरूडहून खराडीला गेले, तेही तीन वेळा. त्याबद्दल लिहिणार आहे असं घरात जाहीर केलं, तर आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "खराडीचं प्रवासवर्णन? मग मी कोपऱ्यावरून दूध आणून आत्मचरित्र लिहितो." हसून घ्या. पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

बँकेत कॉम्प्युटर आले, पाठोपाठ स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि चोवीस वर्षांची नोकरी सोडून मी घरी बसले. बसवेना, म्हणून एका संशोधन संस्थेसाठी लोकांना भेटून प्रश्नावल्या भरून आणायला लागले. आता सत्तरीला टेकले तरी ते सुटलेलं नाही. यंदाचा विषय होता कंत्राटी काम आणि सामाजिक सुरक्षा. माझ्या वाट्याला आयटी पार्कात सफाई करणाऱ्या बायका आल्या. त्यातल्या एकीचंच इथे सांगते. तिला वनिता म्हणू. खरं नाव वेगळं आहे.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: वनाजला मेट्रोत बसा आणि रामवाडीला उतरा. गाडी गार असते, बसायला जागा मिळते आणि नदी ओलांडताना खिडकीतून पाहावंसं वाटतं. वास आत येत नाही हा आणखी एक फायदा. रामवाडीहून पुढे शेअर रिक्षा. रिक्षावाला मागे तीन आणि पुढे आपल्या मांडीला मांडी लावून एक बसवतो. सोबत पाणी आणि टोपी घ्या, कारण खराडीत काचेच्या इमारती भरपूर आहेत, पण सावली देईल असं झाड शोधावं लागतं.

आयटी पार्कच्या गेटसमोर एक टपरी आहे. पोहे बरे असतात, चहा फार गोड. मी वनिताची वाट पाहत बसले होते, तेव्हा शेजारी गळ्यात कार्ड अडकवलेले दोन तरुण उभे होते.

"ब्रो, दोन महिने झाले, प्रोजेक्ट नाही, मी अजून बेंचवरच. एचआरनं उद्या मीटिंग लावलीये. नाव काय, तर 'क्विक कनेक्ट'."

"मग तू गेलास समज. लॅपटॉप पुसून ठेव."

दोघंही हसले. ज्याची मीटिंग होती त्याने चहा अर्धाच पिऊन ठेवला.

एक वाजता वनिता डबा घेऊन आली. वाशीमकडची, वय पस्तीस. आतली पंचविशीची मुलं तिला 'मावशी' म्हणतात. टपरीमागच्या कट्ट्यावर बसून आम्ही सुरुवात केली. नाव, गाव, शिक्षण सरसर झालं. अकराव्या प्रश्नाला गाडी अडली. प्रश्न साधा होता: तुमच्या मालकाचं नाव काय?

"मालक? कोनता मालक, मॅडम?"

"म्हणजे तुम्हाला कामावर कोणी ठेवलंय?"

तिने गळ्यातलं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "आधी निळा ड्रेस होता, मंग हिरवा, आता हा. दर अकरा महिन्यांनी ठेकेदार बदलते. मजला तोच हाय, सातवा. नऊ वर्सं झाले. कंपनीले विचारलं तं म्हणते ठेकेदाराले विचारा. ठेकेदार म्हणते कंपनीले विचारा."

मी रकान्यात 'माहीत नाही' लिहिलं. एक तारखेपासून पुन्हा नवा ठेकेदार येणार होता आणि जुन्यांपैकी निम्म्याच बायकांना ठेवणार होता. सुपरवायझरने तिला तुझं नाव यादीत आहे असं सांगितलं होतं. मुलगी नर्सिंगला शेवटच्या वर्षाला, हॉस्टेलवर. "हे एक वर्स निघालं पायजे," ती म्हणाली. "मंग मले कोनी काढलं तरी चालते."

सगळं झाल्यावर मी तिला संमतिपत्राची प्रत दिली. अभ्यास कशाचा, नाव गुप्त राहील, वगैरे दोन पानी मजकूर. वर ठळक अक्षरात 'कंत्राटी कामगारांचे हक्क' असं शीर्षक. एक प्रत उत्तर देणाऱ्याकडे राहिलीच पाहिजे, असा संस्थेचा नियम आहे.

"मले नको कागद," ती म्हणाली.

"ठेवा हो. हा तुमचा हक्क आहे."

"मी कुठी ठेवू?"

"पिशवीत," मी म्हटलं आणि स्वतःच तिच्या पिशवीत सरकवला. बँकेतली सवय. नियम म्हणजे नियम.

पुढच्या आठवड्यात दुसरी फेरी; या अभ्यासात प्रत्येकीला दोनदा भेटायचं होतं. मेट्रो, रिक्षा, टपरी, पोहे सगळं तेच. वनिता आली नाही. तिच्याबरोबर काम करणारी एक बाई माझ्याकडे न बघता चहा घेता घेता म्हणाली, "तिला बंद केलं. सुटताना पिशवी तपासली, त्यात कागद सापडला. सुपरवायझर म्हणला, ही युनियन आणू लागली."

मी पिशवीतून प्रश्नावली काढली. सव्विसावा प्रश्न: कामाच्या ठिकाणी झडती होते का? 'होय. रोज सुटताना पिशवी उलटी करून दाखवावी लागते.' अक्षर माझंच, टपोरं आणि वळणदार. ते लिहिल्यावर दहा मिनिटांत मी तो कागद त्या पिशवीत घातला होता. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

मी गेटवर जाऊन ठेकेदाराच्या माणसाला भेटायचं म्हटलं. अर्ध्या तासाने इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ आला. अतिशय नम्र.

"मॅडम, आम्ही कोणालाही काढलेलं नाही. जुनं कंत्राट संपतंय. नव्या यादीत त्यांचं नाव नाही, इतकंच."

"आधी होतं ना? यादी केली कोणी?"

"वरून आली."

"तो कागद युनियनचा नाही हो. आमच्या संस्थेचा आहे, आणि तिला नको असताना मी दिला."

"असं होय? छान उपक्रम आहे," तो म्हणाला. "आपण उन्हात उभ्या राहू नका."

तिथूनच मी मृण्मयीला फोन केला. ती संस्थेत आमचं काम बघते. मुलगी चांगली आहे, तिलाही वाईट वाटलं. पण म्हणाली, "काकू, प्रोटोकॉल तुम्ही बरोबरच पाळलात." परतीच्या मेट्रोत हे वाक्य मला सलत राहिलं.

तिसऱ्यांदा गेले ती रविवारी, खराडीला लागूनच असलेल्या चंदननगरला, तिच्या खोलीवर. रस्ता विचारत जा. पत्ता सांगून सापडत नाही. खोलीत एक पलंग, गॅस आणि भिंतीवर पांढऱ्या गणवेशातल्या मुलीचा फोटो. वनिता सकाळपासून दोन सोसायट्यांत स्वयंपाकाचं काम विचारून आली होती. एकीकडे पोलीस व्हेरिफिकेशन मागितलं, दुसरीकडे आधीच्या मालकाची चिठ्ठी.

"आधीच्या मालकाची चिठ्ठी म्हणे," ती म्हणाली आणि हसली. मला हसता आलं नाही. मी हात जोडले.

"काकू, तुमी मोठ्या आहा, हात नका जोडू. तुमी तरी काय करान?" तिने चहा टाकला. मुलीला अजून सांगितलं नव्हतं. परीक्षा व्हायची होती. निघताना तिने विचारलं, "ते म्हणते, माह्यं नाव कोन्याच यादीत नाही. तुमच्या यादीत तं राहीन ना?"

"राहील," मी म्हटलं. "नक्की राहील."

घरी आले. यांनी न विचारता पाणी आणून दिलं. पुणेरी माणूस आपणहून उठला म्हणजे त्याला कळलेलं असतं. मी मनाशी हिशेब करत होते की इतक्या वर्षांत किती दारं वाजवली, किती बायकांना 'यात तुमचं काही नुकसान नाही' असं सांगितलं. खरंच नव्हतं का, ते पाहायला मी कधी परत गेले नव्हते. इथे परत जायचं होतं, म्हणून निदान कळलं.

संध्याकाळी मृण्मयीचा फोन आला.

"काकू, वनिताताईंचा फॉर्म बाद करावा लागेल. अभ्यास सध्या कामावर असलेल्यांचा आहे ना, त्या आता निकषात बसत नाहीत. पण काळजी करू नका, राखीव यादीत दुसऱ्या एक बाई आहेत. वनिताताईंच्या जागी त्यांना घेऊ. उद्या जमेल का तुम्हाला?"

मी "बरं" म्हटलं.